लेक म्हणते वर्महोल खरं, मी म्हणतो थोतांड

पत्र:

"ताई नमस्कार. हिंगोली जिल्ह्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, शिक्षण आयटीआय. लेक नववीत आहे, हुशार आहे, पण वर्ष झालं मोबाईलवर नुसते ते स्पेसचे व्हिडिओ बघती. मागच्या महिन्यात बहिणीच्या घराची वास्तुशांत होती. पंगती उठल्यावर सगळे बसलो होतो तर ही सांगायला लागली की वर्महोल असतं, त्यातून आकाशगंगेच्या पलीकडं क्षणात जाता येतं, टाइम ट्रॅव्हल पण करता येतं आणि ज्यानं हे शोधलं त्याला नोबेल मिळालंय. मी म्हणलं हे सगळं पिक्चरवाल्यांचं थोतांड आहे, अभ्यास कर. तर सगळ्यांसमोर म्हणली, मग त्या काकांची बिनलाईटची मोटार कशाला घेतली बनवायला, ते थोतांड नाही का. सगळे हसले. मला राग आला, जरा जास्तच बोललो. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलती. ताई, हे वर्महोल वगैरे खरं असतं का? आणि तिला यातून बाहेर कसं काढू?

ता. क. ते काकांचं खरं आहे. एका शेतकऱ्यानं व्हिडिओ दाखवला, मोटारीवर अल्टरनेटर फिरवायचा आणि त्याच अल्टरनेटरच्या लाईटवर मोटार चालवायची, मधी मोठं फ्लायव्हील. मी नाही म्हणलं होतं पण ते ११ हजार ॲडव्हान्स ठेवून गेले."

दादा,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग ता. क. वाचला आणि परत वरनं सगळं वाचून काढलं. तुम्ही ता. क. मध्ये ढकललंय तेच खरं तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं, कारण लेकीनं बरोबर तिथंच बोट ठेवलंय आणि म्हणूनच तुम्हाला झोंबलं. त्या ११ हजारांवर शेवटी येते.

आधी सरळ उत्तर. वर्महोल अजून कुणाला दिसलेलं नाही. पण ते थोतांडही नाही. आणि बिनलाईटची मोटार थोतांड आहे. म्हणजे जे तुम्ही थोतांड म्हणालात ते नाहीये आणि ज्याचा ॲडव्हान्स कपाटात ठेवलाय ते आहे. आता रागावू नका, कारण लेकीचंही एक मोठं गणित चुकलंय, तेही सांगते.

मला सांगा, दुकानात एखादी बंद मोटार आली की तुम्ही गिऱ्हाईकाला "ही मोटार खरी का खोटी" असं विचारता का? नाही ना. तुम्ही सिरीज बल्ब लावता, शाफ्ट हातानं फिरवून बघता, वाइंडिंगचा वास घेता आणि सांगता की बेअरिंग जाम आहे, किंवा कपॅसिटर गेलाय, किंवा वाइंडिंग जळालंय. म्हणजे कुठं अडलंय ते सांगता. बेअरिंग शंभर-दोनशेचं काम, वाइंडिंग म्हणजे खर्च, आणि बॉडीच फुटली असली तर म्हणता भंगारात घाला. हाच प्रश्न सायन्सच्या प्रत्येक भन्नाट गोष्टीला विचारायचा. खरं का खोटं नाही, कुठं अडलंय? सायन्स आणि सायन्स फिक्शनच्या मधली रेघ पुसट आहे असं म्हणतात ते बरोबरच आहे, पण ही रेघ शोधत बसण्यापेक्षा अडलंय कुठं ते शोधलेलं बरं पडतं.

बिनलाईटची मोटार नियमात अडलीय. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मोटारीला १०० वॅट दिले आणि शाफ्टवर ८५ मिळाले तरी आपण म्हणतो मोटार चांगलीय. ते ८५ अल्टरनेटरला दिले, तोही समजा ८५ टक्केवाला, की हातात आले ७२. बेल्टचं सोडूनच द्या. बाकीचे २८ कुठं गेले? मोटारीच्या बॉडीला हात लावा, गरम लागते ना, तिथं गेले. आता ७२ वर तीच मोटार फिरवा, पुढच्या फेरीला ५२. मधे कितीही मोठं फ्लायव्हील टाका, ते म्हणजे पाण्याची टाकी, साठवलेलं देईल पण टाकी काय स्वतः पाणी तयार करत नाही. व्हिडिओत चालतं कारण कुठंतरी टेबलाखालून वायर असते, नाहीतर फ्लायव्हीलची गती संपायच्या आत कॅमेरा बंद होतो.

आणि या नादाला लागणारे सगळे अडाणी असतात असं समजू नका हां. भास्कराचार्य माहितीयेत ना, लीलावतीवाले, ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे? त्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय की चाकाच्या पोकळ आऱ्यांमध्ये पारा अर्धा भरला की चाक आपोआप फिरत राहतं. स्वयंवह यंत्र. इतका मोठा गणिती, पण चाक काही फिरत राहत नाही. नंतर युरोपातही लोकांनी शेकडो वर्षं असली चाकं बनवली, शेवटी १७७५ साली पॅरिसच्या सायन्स अकादमीनं वैतागून जाहीर केलं की असल्या यंत्राचे प्रस्ताव आम्ही यापुढं बघणारसुद्धा नाही. तेव्हा ऊर्जेचा नियम नीट कागदावर मांडलेलाही नव्हता, पण अनुभवानं कळलं होतं. म्हणजे ही बॉडी फुटलेली मोटार. भंगार.

आता वर्महोल. गोधडी अंथरलीय असं समजा, एका टोकाला मुंगी आहे, तिला दुसऱ्या टोकाला जायचंय. चालत गेली तर लांब. पण गोधडी दुमडली आणि दाभणानं आरपार भोक पाडलं तर दोन पावलात पलीकडं. ही गोधडी म्हणजे आपलं आकाश आणि काळ, आणि ती दुमडू शकते, वाकू शकते हे आइन्स्टाइनचं गणित सांगतं. १९३५ साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन या दोघांनी त्याच गणितातून असला एक पूल काढून दाखवला. कागदावर. पुढं कळलं की हा पूल इतक्या पटकन मिटतो की उजेडालासुद्धा पलीकडं पोचायला वेळ मिळत नाही.

मग १९८५ च्या सुमाराला गंमत झाली. कार्ल सेगन नावाचे खगोलशास्त्रज्ञ कादंबरी लिहीत होते, त्यात त्यांना नायिकेला लांबच्या ताऱ्याकडं झटकन पाठवायचं होतं, आणि त्यांनी तिला कृष्णविवरात टाकलं होतं, म्हणजे ज्यातून उजेडसुद्धा सुटत नाही अशा जागेत. त्यांनी किप थॉर्न नावाच्या मित्राला विचारलं, बाबा हे चालेल का. थॉर्न म्हणाले कृष्णविवरात बाई मरेल, त्यापेक्षा वर्महोल घे. पण मित्राला सांगून टाकलं आणि मग स्वतःलाच भुंगा लागला की वर्महोल उघडं ठेवायचं तर नक्की काय लागेल. ते गणित करत बसले आणि १९८८ साली आपला विद्यार्थी मॉरिस याच्याबरोबर फिजिक्स शिकवणाऱ्यांच्या एका जर्नलमध्ये त्यांनी ते छापलं. म्हणजे बघा, कादंबरीमुळं खरा शोधनिबंध झाला! उत्तर काय आलं तर वर्महोलच्या घशाला आतून टेकू लागतो, आणि तो टेकू अशा पदार्थाचा पाहिजे ज्याची ऊर्जा शून्याच्याही खाली आहे. असलं मटेरियल कुठल्याच बाजारात नाही. दोन धातूच्या पत्र्या एकमेकींच्या अगदी अगदी जवळ आणल्या की मधल्या फटीत याचा किंचितसा अंश सापडतो, हे कॅसिमिर नावाच्या डच माणसानं १९४८ साली सांगितलं आणि ते पुढं मोजलंही गेलंय, पण तेवढ्यानं मुंगी जाईल एवढं भोकसुद्धा उघडत नाही.

म्हणजे वर्महोल मालात अडलंय. माल आहे का नाही तेही ठरलेलं नाही. गणितानं दार पूर्ण लावलेलं नाही, एवढंच. ही मोटार भंगार नाही पण तिचा पार्ट कुठली कंपनी बनवतच नाही.

आता लेकीचं चुकलेलं गणित. थॉर्नना नोबेल मिळालं हे खरं, २०१७ साली, राइनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्याबरोबर. पण ते वर्महोलसाठी नाही! ते मिळालं गुरुत्वीय लहरी पकडल्या म्हणून, लायगो नावाच्या यंत्रानं. आणि दादा, ते लायगो भारतात कुठं होतंय? तुमच्या जिल्ह्यात. औंढा नागनाथला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्यासाठी २,६०० कोटी मंजूर केलेत. श्रावणी सोमवारी तुम्ही नागनाथाच्या दर्शनाला जात असाल, त्याच तालुक्यात हे यंत्र उभं राहतंय, आणि तुम्ही दोघं बाप-लेक वास्तुशांतीला थॉर्नवरून भांडताय आणि दोघांनाही हे माहीत नाही. मला तर इथं बसून हात चोळावेसे वाटले.

लायगो काय करतं ते तुम्ही लेकीला सांगू शकता, मी सांगते कसं. बेअरिंग खराब आहे का बघायला तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावून दांडा कानाला लावता ना? तसंच. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, एकमेकींना काटकोनात, आत निर्वात पोकळी, त्यातून लेसर. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं धडकली की आकाशाची गोधडी हलते, लाट इथपर्यंत येते आणि त्या चार किलोमीटरच्या लांबीत फरक पडतो. किती? अणूच्या आत जो प्रोटॉन असतो त्याच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहून कमी. लांबून ट्रक गेला, समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटल्या, तरी यंत्राला कळतं, म्हणून जागा शांत लागते. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदीत तिथल्या ६० हर्ट्झ लाईटचा घूं आवाज येतो आणि तो ओळखून बाजूला काढावा लागतो. आपल्याकडं ५० हर्ट्झ, तीच लाईट जिच्यावर तुमची मोटार चालते.

१४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लाट सापडली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशी दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली होती, आणि यंत्रात तो सगळा प्रकार जेमतेम ०.२ सेकंद चालला. त्याचा आवाज करून ऐकवला तर नुसतं टुप्प असं ऐकू येतं. एवढ्यासाठी शंभर वर्षं. आइन्स्टाइननं १९१६ साली या लाटा असतील म्हणून लिहिलं, मग १९३६ साली त्याच रोझेनबरोबर असाही पेपर पाठवला की नाहीच मुळी असत! जर्नलच्या परीक्षकानं त्यातली चूक दाखवली, आइन्स्टाइन चिडले, पेपर परत घेतला, नंतर स्वतःच दुरुस्त केला. म्हणजे लेकीनं चुकून नोबेल इकडचं तिकडं लावलं तर काय मोठं आभाळ कोसळलं.

एक माझं सांगते, तुम्ही एकटे नाही म्हणून. १९९७ च्या आसपास मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायचे. एका मुलानं विचारलं, मॅडम, ग्रॅव्हिटीच्या पण लाटा असतात का, त्या पकडता येतील का? मी म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही, पिक्चर कमी बघ. वर्ग हसला. त्यानं परत वर्षभर हात वर केला नाही. आणि तेव्हा, बरं का, त्याच पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी कित्येक वर्षं हेच काम करत होते, की लाट आलीच तर एवढ्या गोंगाटातून ती ओळखायची कशी. मला पत्ता नव्हता. ११ फेब्रुवारी २०१६ ला रात्री नऊला बातमी आली, मी टीव्हीपुढं पोळ्यांचं पीठ मळत होते आणि मला त्या मुलाचा चेहरा आठवला, नाव काही आठवेना. त्याची माफी मागायला मला आता पत्ता नाही. तुमची लेक घरातच आहे.

टाइम ट्रॅव्हलचं राहिलंच. मागं जाणं हे वर्महोलच्याच पंगतीतलं, कागदावर लटकलेलं. पण पुढं जाणं खरं आहे आणि रोज होतं, फक्त इतकं बारीक की मिरवण्यासारखं नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतात, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून. हा फरक सुधारला नाही तर मोबाईलचा मॅप एका दिवसात दहाएक किलोमीटर चुकेल, म्हणजे औंढ्याला निघालेला माणूस भलत्याच गावात. इंटरस्टेलर पिक्चरमध्ये एका ग्रहावरचा तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं दाखवलीत, तिनं बघितला असणारच, ते याच नियमाचं टोक आहे, आणि त्या पिक्चरचे सल्लागार कोण तर हेच थॉर्न. म्हणजे तुम्ही "पिक्चरवाल्यांचं" म्हणालात तेही अर्धं बरोबरच होतं की!

आणि कल्पनेतलं खरं झाल्याचं बघायचं असेल तर घराच्या छतावरची डिश बघा. १९४५ साली आर्थर क्लार्क या लेखकानं एका रेडिओच्या मासिकात लिहिलं की जमिनीपासून साधारण ३६ हजार किलोमीटरवर यान ठेवलं तर ते पृथ्वीबरोबरच फिरेल, आकाशात एका जागी थांबल्यासारखं दिसेल आणि अर्ध्या-अर्ध्या जगाला रेडिओ पुरवेल. तेव्हा एकही उपग्रह नव्हता. ते फक्त कारागिरीत अडलं होतं, नियमात नाही, मालातही नाही, म्हणून वीस वर्षांत झालं. फक्त क्लार्कना वाटलेलं की वर माणसं बसवावी लागतील. त्या काळी रेडिओ म्हणजे काचेचे वॉल्व्ह, ते जाणार, मग वर जाऊन बदलणार कोण. तुमच्यासारखा एक मेकॅनिक कायमचा आकाशात! ट्रान्झिस्टर आला १९४७ मध्ये आणि ती नोकरी गेली.

तर लेक चुकीच्या नादाला लागलीय असं मला नाही वाटत. चुकतंय ते व्हिडिओवाल्यांचं. आपले जयंत नारळीकर स्वतः खगोलशास्त्रज्ञ, त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कृष्णविवरावरची गोष्ट पाठवली, तीसुद्धा नारायण विनायक जगताप अशी नावाची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे माझं नाव बघून बक्षीस नको. पहिलं बक्षीस आलं. पण गोष्ट गोष्टीच्या स्पर्धेला आणि संशोधन जर्नलला, लेबल वेगवेगळी. हे व्हिडिओवाले लेबल काढतात आणि पाच मिनिटांत जीपीएसचं घड्याळ, वर्महोल आणि बिनलाईटची मोटार एकाच आवाजात, त्याच ढॅण ढॅण म्युझिकवर सांगतात. पोरीला कसं कळणार कुठलं काय? मोठ्या माणसांना नाही कळत, ते शेतकरी दादा बघा की.

म्हणून तिला यातून बाहेर काढू नका, तुम्हीच आत जा. एका संध्याकाळी दुकान बंद करताना तिला म्हणा, त्या दिवशी सगळ्यांपुढं बोललो ते चुकलं, आणि ते वर्महोल मला नीट सांग, कुठं अडलंय ते. एवढंच. लांबण लावू नका, नववीतल्या मुलींना बापाचं भाषण आवडत नाही. ती सांगेल, मधे अडखळेल, अडखळली की हसू नका. मग औंढ्याचं सांगा. मला खात्री आहे मोबाईल बाजूला ठेवेल.

रविवारी एक काम करा दोघं मिळून. लोहचुंबक लावून पंखा फुकट फिरतो असे व्हिडिओ तिनं बघितलेले असणारच. कॉम्प्युटरचा जुना छोटा पंखा घ्या, पात्यांना बारीक चुंबकं चिकटवा, हातात एक मोठं घ्या आणि तिलाच फिरवू द्या. पातं झपकन ओढलं जाईल, तिला वाटेल चाललं, आणि एका जागी येऊन डुगडुगून थांबेल. चुंबक हलवून जागा बदला, दुसरीकडं थांबेल. जेवढ्या जोरानं ते जवळ ओढतं तेवढ्याच जोरानं निघून जाताना मागं धरतं, हे पुस्तकातून कळत नाही, बोटाला कळतं. व्हिडिओतल्या पंख्याच्या स्टँडमध्ये सेल लपवायला जागा कुठं आहे ते तुम्ही तिला दाखवा, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार. आणि जमलं तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमाराला, पुण्याला आयुकात घेऊन या, त्या दिवशी सगळ्यांना आत सोडतात. रात्रीचा प्रवास आहे पण तिला झोप येणार नाही.

तिनं सायन्स घ्यावं का वगैरे तुम्ही विचारलेलं नाही, मीही बोलत नाही. नववी आहे, बघू.

आता ते ११ हजार. परत करा, या आठवड्यातच. "ठेवून गेले" म्हणू नका, कपाटात तुमच्या आहेत. शेतकरी दादांना उगाच वाईट बोलू नका, रात्री-अपरात्री लाईटची वाट बघत पाणी देणाऱ्या माणसाला असला व्हिडिओ खरा वाटणारच. त्यांना सरकारी योजनेतल्या सोलर पंपाचा फॉर्म भरायला मदत करा, तीही फुकट नाही पण नियमात बसते. आणि जाताना लेकीला गाडीवर मागं बसवून न्या. १०० चे ८५, ८५ चे ७२, हा हिशोब तिथं तुम्ही नका सांगू, तिला सांगू द्या.